आरटीएक्स ३०६० ते आरटीएक्स ५०६० टीआय: मध्यम श्रेणीच्या ग्राफिक्स कार्डांचे तपशील आणि प्रत्यक्ष कामगिरी

एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ४०६० या दोन कार्डांचे तांत्रिक तपशील शेजारी शेजारी मांडले, तर त्यांतले नवे कोणते हे नुसत्या आकड्यांवरून ओळखणे अवघड जाते. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या ३०६० मध्ये ३५८४ कूडा कोअर (गणिते करणारे छोटे घटक), १२ जीबी मेमरी, १९२ बिटची मेमरी बस (चिप आणि मेमरी यांना जोडणारी वाट) आणि सेकंदाला ३६० जीबी इतकी बँडविड्थ, म्हणजे त्या वाटेने डेटा नेण्याची क्षमता, आहे. जून २०२३ मध्ये आलेल्या ४०६० मध्ये ३०७२ कोअर, ८ जीबी मेमरी, १२८ बिटची बस आणि २७२ जीबी बँडविड्थ आहे. चारही ओळींत जुने कार्ड वरचढ दिसते. तरीही १०८० पी (१९२० बाय १०८० पिक्सेल) रिझोल्यूशनवर बहुतेक खेळांत ४०६० साधारण १५ ते २० टक्के पुढे राहते, आणि त्यासाठी त्याला १७० वॉटऐवजी ११५ वॉटचीच मर्यादा पुरते.

तपशिलांच्या तक्त्यातला कोणता आकडा पिढी बदलली की अर्थ बदलतो आणि कोणता बदलत नाही, हे ठरवल्याशिवाय ग्राफिक्स कार्डांची तुलना करता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. कोअरची संख्या, टेराफ्लॉप्स (सेकंदाला किती लाख कोटी गणिती क्रिया होतात तो आकडा) आणि बसची रुंदी या गोष्टींतली उणीव चिपची चांगली रचना बऱ्याच अंशी भरून काढू शकते. मेमरी अपुरी पडली, तर मात्र ती कोणत्याही रचनेने भरून निघत नाही. येथे मुद्दाम मध्यम श्रेणीचीच कार्डे घेतली आहेत, कारण सर्वांत वरच्या श्रेणीत सगळेच सढळ हाताने दिलेले असते. काटछाट कुठे करायची याचे निर्णय कंपन्या मध्यम श्रेणीत घेतात आणि त्यांचे परिणाम ग्राहकाला पुढची चार-पाच वर्षे सोसावे लागतात.

आधी ४०६० चे कोडे सोडवू. ३०६० चा बूस्ट क्लॉक, म्हणजे चिपचा वाढीव वेग, १७७७ मेगाहर्ट्झ आहे, तर ४०६० चा २४६०. प्रत्येक कोअर एका चक्रात दोन गणिती क्रिया करतो असे धरून कोअरची संख्या, दोन आणि क्लॉक यांचा गुणाकार केला की ३०६० साठी १२.७ आणि ४०६० साठी १५.१ टेराफ्लॉप्स मिळतात. म्हणजे कोअर कमी असूनही गणिती क्षमता वाढली आहे, आणि ती वाढ मुख्यतः सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेकडून टीएसएमसीच्या अधिक प्रगत प्रक्रियेकडे गेल्यामुळे शक्य झाली. बँडविड्थची तूट भरून निघते ती कॅशमुळे. ३०६० मध्ये चिपवरची एल२ कॅश (हाताशी असलेली छोटी, वेगवान मेमरी) ३ एमबी आहे, ४०६० मध्ये ती २४ एमबी आहे. सतत लागणारे कागद टेबलाच्या खणात मावले की दर वेळी दूरच्या कपाटापर्यंत जावे लागत नाही, तसेच येथे घडते: बराचसा डेटा चिपवरच सापडतो आणि मेमरीकडे जाणाऱ्या फेऱ्या कमी होतात.

या उपायाला एक मर्यादा आहे आणि ती परीक्षणांमध्ये पुरेशी सांगितली जात नाही. १९२० बाय १०८० च्या चित्रात सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६० बाय १४४० (१४४० पी) मध्ये ३६.९ लाख आणि ३८४० बाय २१६० (४के) मध्ये ८२.९ लाख. चित्र मोठे झाले की एका फ्रेमसाठी लागणारा डेटा वाढतो, त्यातला कॅशमध्ये सापडणारा भाग घटतो आणि मूळची अरुंद बस उघडी पडते. त्यामुळे ४०६० ची आघाडी १०८० पी वर जितकी दिसते तितकी ४के वर राहत नाही. एखाद्या कार्डाची बस अरुंद आणि कॅश मोठी असेल, तर त्याची कामगिरी ज्या रिझोल्यूशनवर आपण ते वापरणार आहोत त्याच रिझोल्यूशनवर तपासली पाहिजे.

बँडविड्थ काढणे सोपे आहे. बसची रुंदी बिटमध्ये घ्यावी, तिला मेमरीच्या प्रत्येक पिनच्या वेगाने गुणावे आणि आठने भागावे. ३०६० ची १९२ बिटची बस आणि १५ गिगाबिटची मेमरी यांतून ३६० जीबी येतात. इंटेलच्या आर्क बी५८० मध्ये तीच १९२ बिटची रुंदी आहे, पण मेमरी १९ गिगाबिटची असल्याने आकडा ४५६ वर जातो. २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०६० ने बस १२८ बिटचीच ठेवली, परंतु २८ गिगाबिटची जीडीडीआर७ मेमरी घेतल्यामुळे तिची बँडविड्थ ४४८ जीबी झाली. याच कारणाने केवळ बसची रुंदी पाहून कार्डाला नावे ठेवणे मला पटत नाही.

कोअरच्या संख्येबाबत तर अधिकच सावध राहावे लागते. आरटीएक्स २०८० टीआय मध्ये ४३५२ कोअर होते आणि कागदावर १३.४ टेराफ्लॉप्स, पुढच्या पिढीच्या आरटीएक्स ३०७० मध्ये ५८८८ कोअर आणि २०.३ टेराफ्लॉप्स. या आकड्यांवरून दुसरे कार्ड दीडपट वेगवान असायला हवे, पण खेळांमध्ये दोन्ही जवळजवळ बरोबरीने चालतात. आधीच्या ट्युरिंग रचनेत दशांश गणित आणि पूर्णांक गणित यांसाठी वेगळे मार्ग होते. अँपियर रचनेत पूर्णांकांच्या मार्गावर दशांश गणितही करता येऊ लागले आणि कंपनीने कोअरची मोजणी त्यानुसार दुप्पट केली. मात्र खेळ चालू असताना पूर्णांक गणित लागतेच, आणि ते चालू असते तेव्हा तो दुसरा मार्ग दशांश गणितासाठी मोकळा नसतो. कागदावरची क्षमता खोटी नाही, परंतु ती ज्या कामाच्या मिश्रणावर आधारलेली आहे ते मिश्रण खेळांत क्वचितच आढळते.

एएमडीच्या बाजूलाही हेच दिसते. रेडिऑन आरएक्स ६६५० एक्सटी आणि आरएक्स ७६०० या दोन्हींत २०४८ स्ट्रीम प्रोसेसर (एएमडीचे कोअर) आहेत. पहिल्याचे टेराफ्लॉप्स सुमारे १०.८ आणि दुसऱ्याचे सुमारे २१.७, कारण आरडीएनए ३ रचना विशिष्ट परिस्थितीत एका चक्रात दोन सूचना एकदम सोडू शकते. प्रत्यक्ष खेळांत ७६०० चे पाऊल थोडेच पुढे पडते. आणि १५.१ टेराफ्लॉप्सचे ४०६० या २१.७ टेराफ्लॉप्सच्या कार्डाशी १०८० पी वर बरोबरीने चालते, रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र काढण्याची पद्धत) सुरू केल्यावर तर स्पष्टपणे पुढे जाते. एकाच रचनेतल्या, म्हणजे ४०६० आणि ४०६० टीआय सारख्या, दोन कार्डांची तुलना कोअर आणि क्लॉक यांवरून करायला हरकत नाही. रचना बदलली किंवा कंपनी बदलली की या आकड्यांवर निर्णय घेऊ नये.

आता मेमरीकडे वळतो, कारण या श्रेणीतला खरा प्रश्न तिचा आहे. खेळाला लागणारी टेक्स्चर (पृष्ठभागांवर चढवलेली चित्रे), भूमिती, सावल्यांचे नकाशे आणि रे ट्रेसिंगसाठी लागणारी रचना हे सगळे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावावे लागते. मावले नाही तर उरलेला भाग संगणकाच्या मुख्य मेमरीत जातो आणि गरजेच्या वेळी पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्डाला मदरबोर्डशी जोडणाऱ्या, वाटेने आणला जातो. ४०६० हे कार्ड पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या आठच लेन (समांतर मार्ग) वापरते. त्यांतून एका दिशेने सेकंदाला सुमारे १६ जीबी डेटा जाऊ शकतो. मदरबोर्ड जुना, म्हणजे ३.० चा असेल तर तो आकडा निम्मा होतो. कार्डाच्या आतली २७२ जीबीची वाट आणि बाहेरची १६ किंवा ८ जीबीची वाट यांतला फरक पाहिला, की मेमरी भरल्यावर खेळ का अडखळतो याचे उत्तर मिळते. ७६०० देखील आठ लेनचेच आहे. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटी ने तर ४ जीबी मेमरी आणि चारच लेन अशी जोडी दिली होती, आणि जुन्या मदरबोर्डवर त्या कार्डाची जी अवस्था होते ती पाहून हा निर्णय समर्थनीय होता असे म्हणवत नाही.

मेमरीचा परिणाम स्वच्छपणे पाहायचा असेल, तर ४०६० टीआय इतके चांगले उदाहरण नाही. मे २०२३ मध्ये त्याची ८ जीबीची आवृत्ती आली आणि जुलैमध्ये १६ जीबीची. दोन्हींत ४३५२ कोअर, १२८ बिटची बस आणि २८८ जीबी बँडविड्थ आहे. ८ जीबीच्या आत मावणाऱ्या खेळांत दोघांमध्ये फरक जवळजवळ नसतो, आणि म्हणून सरासरीच्या आलेखात १६ जीबीची आवृत्ती निरर्थक वाटू शकते. पण ज्या खेळात टेक्स्चर सर्वोच्च पातळीवर ठेवल्यावर ८ जीबी अपुरी पडते, तेथे लहान आवृत्तीच्या सर्वांत संथ फ्रेमची गती एकदम कोसळते आणि मोठी आवृत्ती काहीच न घडल्यासारखी चालत राहते. येथे एक सूक्ष्म अडचण आहे. काही खेळ मेमरी कमी पडली की फ्रेमची गती टिकवण्यासाठी न सांगता हलक्या दर्जाची टेक्स्चर लावतात. आलेखात दोन्ही कार्डे सारखी दिसतात, पण पडद्यावर एकाच्या भिंती आणि चेहरे धुरकट असतात. म्हणून ८ आणि १६ जीबीची तुलना करताना आकड्यांसोबत चित्रही पाहणाऱ्या परीक्षणांवरच मी विश्वास ठेवतो.

मेमरीचा आकडा स्वतःही नीट तपासावा लागतो. सप्टेंबर २०१४ मध्ये आलेल्या जीटीएक्स ९७० मध्ये ४ जीबी मेमरी होती, मात्र तिच्यातला शेवटचा अर्धा जीबी उरलेल्या साडेतीन जीबीपेक्षा खूपच संथ होता. हे ग्राहकांना जानेवारी २०१५ मध्ये कळले, आणि त्यावरून अमेरिकेत झालेल्या दाव्यात एनव्हिडियाने २०१६ मध्ये तडजोड केली.

नावांबाबत तर मला मनापासून चीड येते, कारण येथे ग्राहकाची फसगत टाळणे कंपन्यांच्या हातात असते. २०१७ मध्ये आलेल्या जीटी १०३० ची जीडीडीआर५ आवृत्ती सेकंदाला ४८ जीबी बँडविड्थ देते. पुढच्या वर्षी त्याच नावाने आलेली डीडीआर४ आवृत्ती १७ जीबीच्याही खाली आहे. जीटीएक्स १०६० च्या ६ जीबी आवृत्तीत १२८० कोअर होते आणि ३ जीबी आवृत्तीत ११५२, म्हणजे नावात फक्त मेमरीचा फरक सांगून चिपही लहान केली होती. आरटीएक्स ३०६० ची ८ जीबी आवृत्ती नंतर आली, तिच्यात कोअर तेवढेच ठेवून बस १२८ बिटची केली आणि बँडविड्थ ३६० वरून २४० वर आली. सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेले १२ जीबीचे आरटीएक्स ४०८० हे १६ जीबीच्या ४०८० पेक्षा वेगळ्याच चिपवर आधारलेले होते. टीका इतकी झाली की कंपनीने ते मागे घेतले आणि जानेवारी २०२३ मध्ये ४०७० टीआय या नावाने आणले. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०९० मध्ये ९७२८ कोअर आहेत, डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये १६३८४. लॅपटॉप घेताना कार्डाच्या नावाइतकेच महत्त्व त्याला उत्पादकाने किती वॉट दिले आहेत याला असते. लॅपटॉपचे ४०६० कुठे ३५ वॉटवर तर कुठे ११५ वॉटवर चालवलेले असते, आणि ती ओळख नावात कुठेच नसते.

कामगिरी मोजण्याच्या पद्धतीबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. सेकंदाला सरासरी ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला सरासरी १६.७ मिलिसेकंद. पण एका सेकंदात ५९ फ्रेम १५ मिलिसेकंदांत आणि एक फ्रेम ११५ मिलिसेकंदांत तयार झाली, तरी बेरीज एक हजारच होते आणि सरासरी ६० च भरते. खेळणाऱ्याला मात्र तो एक झटका स्पष्ट जाणवतो. म्हणून सरासरीच्या जोडीला सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा आकडा पाहावा आणि शक्य असेल तेथे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा आलेख पाहावा. हा एक टक्क्याचा आकडा सगळे परीक्षक एकाच रीतीने काढत नाहीत. कोणी त्या फ्रेमची सरासरी घेतात, तर कोणी फक्त त्या सीमेवरची किंमत देतात. त्यामुळे दोन वेगवेगळ्या परीक्षणांतले हे आकडे एकमेकांशेजारी ठेवू नयेत. कार्ड गरम झाल्यावर क्लॉक खाली येतो, म्हणून थंड कार्डावर घेतलेली अर्ध्या मिनिटाची चाचणीही पुरेशी नसते.

प्रोसेसरचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. परीक्षक नेहमी सर्वांत वेगवान प्रोसेसर वापरतात आणि ते योग्यच आहे, कारण तसे केल्यानेच कार्डांमधला फरक दिसतो. परंतु ते कार्ड जुन्या संगणकात बसवणाऱ्याला तोच फरक मिळेल असे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आलेले आर्क बी५८० हे याचे बोलके उदाहरण आहे. २० एक्सई कोअर (इंटेलचे मोठे गणिती गट) आणि १२ जीबी मेमरी असलेले हे कार्ड वेगवान प्रोसेसरसोबत १४४० पी वर ४०६० च्या पुढे जाते, आणि इतक्या कमी वर्षांच्या अनुभवावर इंटेलने हे साधले याचे मला कौतुक वाटते. बाजारात आल्यानंतर काही आठवड्यांतच मात्र असे दिसून आले की त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो, आणि जुन्या सहा कोअरच्या प्रोसेसरसोबत अनेक खेळांत त्याची ही आघाडी नाहीशी होते. शिवाय त्याला रिसायझेबल बार ही, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम हाताळू देणारी सोय सुरू असलेला मदरबोर्ड लागतोच. म्हणजे जुना संगणक थोडक्यात सुधारू पाहणाऱ्याला जे कार्ड सर्वांत आकर्षक वाटेल, तेच त्याच्या संगणकाला सर्वांत कमी मानवते.

अपस्केलिंग आणि फ्रेम जनरेशन या दोन सोयींची सरमिसळ करू नये. एनव्हिडियाचे डीएलएसएस, एएमडीचे एफएसआर आणि इंटेलचे एक्सईएसएस ही अपस्केलिंगची तंत्रे कमी रिझोल्यूशनवर काढलेले चित्र मोठे करतात. त्यात खेळाची गती खरोखरच वाढते आणि बटण दाबल्यावर मिळणारा प्रतिसादही सुधारतो. फ्रेम जनरेशनमध्ये दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये तयार केलेल्या फ्रेम घातल्या जातात. हालचाल गुळगुळीत दिसते, पण खेळ आपल्या हाताला प्रतिसाद देतो तो खऱ्या फ्रेमच्याच गतीने, आणि मधली फ्रेम तयार करण्यासाठी पुढच्या फ्रेमची वाट पाहावी लागत असल्याने थोडा उशीरही वाढतो. मूळ गती ६० च्या आसपास असेल तर ही सोय मला आवडते. मूळ गती ३० असेल तर ती उपयोगाची नाही. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ५०७० ची कामगिरी ४०९० इतकी असल्याचे सांगितले, ते एका खऱ्या फ्रेममागे तीन तयार फ्रेम घालणाऱ्या पद्धतीच्या आधारावर. अशा आकड्यांना कार्डाची कामगिरी म्हणणे मला मान्य नाही. आणखी एक बाब: फ्रेम जनरेशनला स्वतःची मेमरी लागते. ८ जीबी काठोकाठ भरलेली असताना ती सुरू केली की फायदा होण्याऐवजी अडखळणे वाढू शकते.

विजेच्या बाबतीत ४०६० निर्विवाद उत्तम आहे. ७६०० ला १६५ आणि बी५८० ला १९० वॉट लागतात. ४०६० चे काम आठ पिनांच्या एका जोडणीवर आणि साध्या पॉवर सप्लायवर भागते. एकाच चिपची निरनिराळ्या उत्पादकांची कार्डे वेगात दोन-चार टक्क्यांपलीकडे क्वचितच वेगळी असतात, आवाजात मात्र पुष्कळ फरक पडतो. म्हणून कारखान्यातून वाढवलेल्या क्लॉकपेक्षा मी चांगल्या हीटसिंकला प्राधान्य देईन.

खेळांव्यतिरिक्त काम करणाऱ्यांसाठी क्रम बदलतो. ब्लेंडरसारख्या त्रिमितीय प्रस्तुतीकरणात एनव्हिडियाची कार्डे ऑप्टिक्स या कंपनीच्या रे ट्रेसिंग सॉफ्टवेअरमुळे स्पष्टपणे पुढे आहेत. व्हिडिओ एव्ही१ पद्धतीने साठवायचा असेल तर ४०६०, ७६०० आणि बी५८० तिन्ही ते काम हार्डवेअरमध्ये करतात, ३०६० मात्र एव्ही१ फक्त उलगडू शकते. भाषा-मॉडेल किंवा चित्र-मॉडेल स्वतःच्या संगणकावर चालवणाऱ्याला गतीपेक्षा मॉडेल मेमरीत मावते की नाही हे आधी पाहावे लागते, आणि तेथे १२ जीबीचे जुने ३०६० हे ८ जीबीच्या ४०६० पेक्षा आजही जास्त कामाचे आहे.

२०२५ मधल्या दोन कार्डांनी या श्रेणीतली कोंडी बऱ्यापैकी फोडली आहे. एप्रिलमध्ये आलेल्या आरटीएक्स ५०६० टीआय मध्ये ४६०८ कोअर, ४४८ जीबी बँडविड्थ आणि १८० वॉटची मर्यादा आहे. जूनमध्ये आलेल्या आरएक्स ९०६० एक्सटी मध्ये २०४८ स्ट्रीम प्रोसेसर, ३२० जीबी बँडविड्थ आणि ३२ एमबी इन्फिनिटी कॅश (एएमडीची चिपवरची मोठी कॅश). दोन्ही कार्डांच्या १६ जीबीच्या आवृत्त्या आहेत. साध्या रेंडरिंगमध्ये ५०६० टीआय थोडे पुढे राहते, रे ट्रेसिंगमध्ये ते अंतर वाढते, पण आधीच्या पिढ्यांच्या मानाने एएमडीने ते बरेच कमी केले आहे, आणि ९०६० एक्सटी सोबत आलेले एफएसआर ४ चित्राच्या दर्जात जुन्या एफएसआरपेक्षा खूपच सरस आहे. ९०६० एक्सटी सोळा लेन वापरते, ५०६० टीआय आठच, जुन्या ३.० मदरबोर्डवर बसवणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. १०८० पी वर स्पर्धात्मक, हलके खेळ खेळणाऱ्याला ४०६० किंवा ५०६० ची ८ जीबी आजही पुरते. नवे, मोठे खेळ १४४० पी वर आणि टेक्स्चर वरच्या पातळीवर ठेवून खेळायचे असतील, तर या दोन कार्डांपैकी जे आपल्या मदरबोर्डाला आणि कामाला जुळेल ते घ्यावे, आणि मागणी नोंदवताना १६ जीबी हे शब्द नावासोबत लिहिलेले आहेत याची खात्री करून घ्यावी, कारण दोन्ही कार्डे त्याच नावाने ८ जीबीमध्येही विकली जातात.